सायकलीच्या दुकानातून नांगराच्या कारखान्याकडे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. आपल्या जिल्ह्याचे नावच त्याच्या भूमीवरून पडले आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनी, कटंगी, लांजी या बाजूंची भातशेतीची सखल जमीन एकीकडे, आणि भरवेली मागे टाकून गांगुलपाऱ्याच्या घाटाने चढत, उकव्यावरून बैहरच्या पठाराला जाणारा रानातला रस्ता दुसरीकडे, असे या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. या रस्त्यांवरून ज्याने सायकल चालविली आहे, त्याला जमिनीचा चढउतार कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकावाचून कळतो. मोटारीत बसलेल्यास जी जमीन सपाट भासते, ती सपाट नसून हलकेच चढत आहे, हे सायकलस्वाराच्या पोटऱ्या त्याला तत्काळ सांगतात.

सायकल ही आज आपल्या घरांतील नित्याची वस्तू आहे. खेड्यांतून शाळेला येणाऱ्या कितीतरी मुलामुलींचे शिक्षण तिच्याच दोन चाकांवर चालले आहे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी हीच सायकल आपल्या देशात एक अपूर्व नवलाई होती. त्या काळी बालाघाटासारख्याच एका घाटमाथ्यावरच्या गावी, सह्याद्रीच्या पूर्वेस सुमारे २,५०० फूट उंचीवर वसलेल्या बेळगावात, दोन मराठी बंधूंनी सायकलींचे दुकान थाटले. त्या लहानशा दुकानातूनच पुढे महाराष्ट्रातील एक थोर उद्योग उभा राहिला. त्याचे जनक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताची आवड असलेले गृहस्थ होते. मुलांनी नीट शिकावे आणि प्रतिष्ठेची नोकरी धरावी, ही त्या काळच्या कोणत्याही सुशिक्षित घरातील अपेक्षा त्यांच्याही घरात होती. लक्ष्मणाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांची जुळणी न्याहाळणे, हे त्याचे दोन छंद. असा मुलगा पुढे काय करणार, ही चिंता घरच्यांना वाटणे स्वाभाविकच होते. तथापि थोरले बंधू रामूअण्णा यांचा या धाकट्या भावावर विश्वास होता. त्यांच्या पाठबळावर १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

तेथे त्यांच्यापुढे एक अनपेक्षित संकट उभे राहिले. रेखाटन उत्तम येत असे, परंतु रंगकामाची वेळ आली तेव्हा असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट समजत नाही. चित्रकाराला रंगांधत्व असणे म्हणजे गवयाला सूर ऐकू न येण्यासारखेच. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावून घरची वाट धरली असती. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले. त्या चित्रांना रंगांची गरज नसते; गरज असते ती अचूक मापाची आणि स्वच्छ नजरेची. या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, शिक्षकाची जागा मिळाली. ते विद्यार्थ्यांना यांत्रिक रेखाटन शिकवीत आणि उरलेला वेळ संस्थेच्या कर्मशाळेत घालवीत. कागदावर काढलेले यंत्र लोखंडात कसे उतरते, हे त्यांनी तेथे स्वतःच्या हातांनी काम करून समजून घेतले.

याच सुमारास त्यांची आणि सायकलीची गाठ पडली. तो काळ सायकलीच्याही इतिहासात मोठ्या स्थित्यंतराचा होता. तत्पूर्वीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीइतके उंच चाक आणि मागे एक इवलेसे चाक, असे विचित्र वाहन होते. त्यावर चढणे हे कसरतीचे काम आणि त्यावरून पडणे हे हाडे मोडण्याचे कारण. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर नावाची सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची होती आणि साखळीच्या योगाने मागचे चाक फिरत असे. आपण आज चालवितो त्या सायकलीचा मूळ आराखडा तोच. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव बनविली. तोवर सायकलींना भरीव रबराची धाव असे आणि खडबडीत रस्त्यावर स्वाराची हाडे खिळखिळी होत. हवेच्या धावेमुळे शहराबाहेरचा साधा रस्ताही सायकलीस मोकळा झाला.

हे नवे वाहन लक्ष्मणरावांच्या यंत्रप्रेमी मनाला भुरळ घालणारेच होते. घोडा नाही, बैल नाही, वाफ नाही. चालविणाऱ्याच्या पायांतील शक्तीवाचून दुसरे काही लागत नाही, आणि तरीही पायी चालण्याच्या तिप्पट वेगाने माणूस पुढे जातो. त्यांनी सायकल मिळविली आणि तिच्या व्यापाराची कल्पना बेळगावी रामूअण्णांना कळविली. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान सुरू झाले. धाकटा भाऊ मुंबईहून सायकली पाठवी आणि थोरला भाऊ त्या बेळगावात विकी. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ या वर्षापासूनच मानला जातो.

त्या काळी सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपयांपर्यंत असे, असे सांगतात. खेड्यातील शाळामास्तराच्या दोनतीन वर्षांच्या पगाराहूनही ही रक्कम मोठी होती. अर्थात गिऱ्हाइके मोजकीच. परंतु किंमत देण्याची ऐपत असूनही आणखी एक अडचण उरे, ती म्हणजे सायकल चालविता येत नसे. आज धाकट्याला थोरला भाऊ शिकवितो, पण त्या वेळी गावात शिकविणारेच कोणी नव्हते. शिवाय त्या सायकलींना आजच्यासारखे फ्रीव्हील नसे. चाक फिरत आहे तोवर पायडलही फिरत राहणार, त्यामुळे उतारावर पाय स्थिर ठेवून आरामात घरंगळत जाण्याची सोय नव्हती. बेळगावची भूमी तर लाटांसारखी वरखाली होणारी. चढावर दम लागे आणि उतारावर पायडले स्वाराच्या पायांनाच पळवू लागत. अशा वाहनावर प्रौढ, प्रतिष्ठित गृहस्थाने पहिल्यांदा बसणे म्हणजे चारचौघांत पडण्याची तयारी ठेवणेच होते.

किर्लोस्कर बंधूंनी ही अडचण ओळखली. ते नुसती सायकल विकून थांबले नाहीत. पंधरा रुपये घेऊन ती चालविण्यास शिकविण्याची व्यवस्थाही त्यांनी केली. सायकल मोडली तर दुरुस्तीही त्यांच्याच दुकानात होई. वरवर पाहता ही व्यापारातली एक साधी युक्ती वाटेल. परंतु लक्ष्मणरावांच्या पुढील सर्व यशाचे बीज येथेच पडले. नवे यंत्र लोकांनी स्वीकारावयाचे असेल तर त्यांना ते वापरण्याची विद्या दिली पाहिजे आणि बिघडल्यास ते सुधारून देणारा हात जवळ असला पाहिजे, हा धडा त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने दिला नव्हता. तो सायकलीच्या या दुकानाने दिला.

मुंबईत लक्ष्मणरावांची नोकरी सुरूच होती. काही वर्षांनी संस्थेत वरची जागा रिकामी झाली. अनुभवाने आणि कर्तबगारीने ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परक्या राज्यात अशा गोष्टी घडत, आणि बहुतेक लोक त्या मुकाट्याने सोशीत. लक्ष्मणरावांनी तक्रार करीत आयुष्य घालविण्यापेक्षा राजीनामा देणे पसंत केले आणि १८९७ साली ते बेळगावी रामूअण्णांजवळ परतले. सुरक्षित पगार सोडून दुकानदारीत शिरणे हे त्या काळच्या मध्यमवर्गीय समाजाला वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे दुकान ज्या रस्त्यावर होते, त्यास पुढे किर्लोस्कर रस्ता असे नाव पडले आणि ते आजही रूढ आहे. परंतु सायकलींवर लक्ष्मणरावांचे समाधान होईना. सायकल घडत होती विलायतेत. बेळगावात ती नुसती विकली जाई. आपल्या लोकांना लागणारे यंत्र आपल्याच हातांनी का घडवू नये, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. आणि आपले लोक म्हणजे कोण? सायकल घेणारे शहरातले मूठभर लोक, की गावाबाहेरच्या त्या लाटेसारख्या माळांवर पहाटेपासून राबणारा शेतकरी? त्यांची दृष्टी शेतकऱ्याकडे वळली. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अखंड कडबा टाकला की गुरे पाने खातात आणि ताटे तुडवितात. बारीक कापून दिला तर तो वाया जात नाही. त्यानंतर १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर घडविला.

शेतकऱ्याचा लाकडी नांगर जमीन उकरतो, परंतु ती उलथीत नाही. लोखंडी नांगराचा वक्र पत्रा खालची माती वर आणून पालथी घालतो. त्यामुळे हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या उघड्या पडून उन्हाने वाळतात, पावसाचे पाणी खोल मुरते आणि पिकाच्या मुळांना मोकळी माती मिळते. सांगण्यास हे सोपे आहे. पटविणे मात्र अतिशय कठीण ठरले. लोखंडाने धरणीमातेच्या अंगात विष भिनते आणि जमीन नापीक होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. नांगर तयार होऊन पडले, आणि पहिली विक्री होण्यास तब्बल दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे लक्ष्मणरावांच्या कसोटीची होती. भांडवल अडकलेले, कारागिरांचे पगार द्यावयाचे, आणि माल पडून. शेतकरी अडाणी आहे असे म्हणून त्यांनी त्याला दोष दिला असता तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही. ज्याचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो मनुष्य परक्याच्या शब्दावर आपली जमीन पणाला लावणार नाही, हे त्यांनी जाणले. सायकलीच्या दुकानातील धडा येथे उपयोगी पडला. नांगर चालवून दाखविणे, तो जोडण्याची आणि खोली राखण्याची रीत समजावून देणे, झिजलेला किंवा मोडलेला भाग बदलून देणे, असा क्रम त्यांनी धरला. एका शेतात पीक जोमाने आलेले दिसले की बांधापलीकडचा शेजारी आपण होऊन चौकशी करू लागे. हळूहळू नांगरास मागणी येऊ लागली.

एवढ्यात दुसरे संकट कोसळले. कारखान्याची जागा बेळगावच्या नगरपालिकेस गावाच्या वाढीसाठी हवी झाली आणि किर्लोस्करांना ती सोडणे भाग पडले. उभा संसार उचलून न्यावयाचा कोठे? या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास आले. औंधच्या देवीच्या मंदिरातील सभामंडपाच्या कामानिमित्त त्यांचा लक्ष्मणरावांशी परिचय झालेला होता. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले.

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव या माळावर येऊन दाखल झाले. तेथे निवडुंगाचे रान माजलेले होते आणि सापविंचवांचा सुळसुळाट होता. पाण्याचीही ददात होती. बरोबर आलेल्या थोड्याशा कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी निवडुंग तोडला, जमीन साफ केली आणि छपरे उभारली. हीच किर्लोस्करवाडी. रामूअण्णांनी वसाहतीची उभारणी अंगावर घेतली आणि लक्ष्मणरावांनी कारखान्याची. घरे, रस्ते, झाडे, शाळा यांनी गजबजलेले एक आटोपशीर गाव त्या ओसाड माळावर पाहता पाहता वसले. कुंडल रोड या रेल्वेस्थानकाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी असेच झाले.

या गावाचे नियम त्याच्या संस्थापकाच्या स्वभावास साजेसे होते. अस्पृश्यतेस तेथे थारा नव्हता. तुरुंगवास भोगून आलेल्या आणि समाजाने वाळीत टाकलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले आणि राखणीसारखे विश्वासाचे काम त्यांच्यावर सोपविले. बिघडलेले यंत्र फेकून न देता दुरुस्त करावे, ही दृष्टी ते माणसांच्या बाबतीतही सोडीत नसत.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि विलायतेहून येणारे लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला. शेतकरी आता नांगर मागत होता, पण नांगर घडविण्यास लोखंड नव्हते. मोडीचे लोखंड गोळा करण्यात आले. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून पाहण्यात आला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्याकडील जुन्या, निकामी झालेल्या तोफा कारखान्यास दिल्या, आणि त्या वितळवून नांगर घडविण्यात आले. तिकडे युरोपात लोखंडाच्या तोफा होत असता इकडे एका माळावर तोफांचे नांगर होत होते, ही घटना आजही विचार करावयास लावणारी आहे.

१९२० साली कारखान्याचे रूपांतर किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीत झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. पुढे किर्लोस्कर या नावाने आणि स्त्री व मनोहर या भावंडांसह ते मराठी घरांत मोठ्या आवडीने वाचले जाई. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाणी उपसण्याचे पंप असा यंत्रांचा परिवार वाढत गेला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली पदवी घेऊन आले आणि त्यांनी १९४६ साली पुण्यात तेलइंजिनांचा कारखाना उभारून वडिलांचा वसा पुढे नेला.

लक्ष्मणरावांचे पुणे येथे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार प्रांतरचना अमलात आली. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आपला बालाघाट नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशातून भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात आला. मराठी मुलुखाच्या कडेवरील ही दोन घाटमाथे एकाच दिवशी नव्या राज्यांत गेली. परंतु किर्लोस्करांचे कर्तृत्व कोणत्याही एका राज्याच्या सीमेत मावणारे नव्हते. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या चरित्राचे मर्म कशात आहे? रंगांधत्व, डावलली गेलेली बढती, न खपलेले नांगर, सोडावी लागलेली जागा, युद्धकाळातील टंचाई, असे चढ त्यांच्या वाटेवर एकामागून एक आले. त्यांपैकी एकही त्यांनी स्वतः निवडला नव्हता. परंतु प्रत्येक वेळी हातचे काय उरले आहे, हे पाहून त्यांनी पुढचे पाऊल टाकले. रंग गेले तर रेषा उरली. नोकरी गेली तर कसब उरले. जागा गेली तर माणसे उरली. आणि या सर्व प्रवासात त्यांनी ज्यांच्यासाठी यंत्रे घडविली, त्या सामान्य लोकांस कधी कमी लेखले नाही. जो सायकल विकतो त्याने ती शिकवावी आणि जो नांगर विकतो त्याने तो चालवून दाखवावा, ही त्यांची रीत व्यापाराची होती, तशीच ती माणुसकीचीही होती.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गात असे कोणी असेल की ज्याचे मन पुस्तकांपेक्षा सायकलीची साखळी बसविण्यात, पंपाचा वायसर बदलण्यात किंवा मोडक्या वस्तू जोडण्यात अधिक रमते. त्याला हिणवू नका, आणि त्यानेही मनात कमीपणा आणू नये. हाताने काम करण्याची लाज नसलेला, डोळसपणे पाहणारा आणि आपल्याला येते ते दुसऱ्यास शिकविणारा मुलगा किंवा मुलगी कोणत्याही माळावर गाव वसवू शकते. लक्ष्मणरावांनी ते करून दाखविले आहे.